अर्ल ग्रे अपडेट: आता निलगिरी चहावर

अर्ल ग्रे म्हणजे बर्गमॉट या लिंबूवर्गी फळाच्या सालीच्या तेलाचा वास लावलेला चहा, तो मी घरी करतो. या वेळी बेस बदललाय. आसाम ऑर्थोडॉक्सवर (पानं वळून केलेली पत्ती) बर्गमॉट दबून जात होतं, म्हणून निलगिरीच्या डोंगरातली चहापत्ती घेतली. ती मुळातच हलकी आणि जरा फुलांच्या वळणाची, त्यामुळे दोघांचं मस्त जमतंय. सीटीसीचं (नेहमीची दाणेदार पत्ती) नावच नको, ती दुधाच्या चहालाच बरी.

पद्धत तीच, 100 ग्रॅम पत्तीला फूड ग्रेड बर्गमॉट तेलाचे दोन थेंब. आधी चमचाभर पत्तीवर थेंब टाकून चोळून घ्यायची आणि मग ती बाकीच्या पत्तीत मिसळायची, नाहीतर सगळा वास एकाच कोपऱ्यात बसतो. काचेची बरणी, घट्ट झाकण, रोज एकदा हलवायची. पहिल्या दिवशी उघडली की नुसता लिंबाचा झणका येतो, आठवडाभराने तो उतरतो आणि मागून लॅव्हेंडरसारखा वास वर येतो, खरी मजा तीच. लिनालिल अ‍ॅसिटेट हे सुगंधी द्रव्य बर्गमॉट आणि लॅव्हेंडर दोन्हीत भरपूर असतं ना, म्हणून. "नागपुरी संत्र्याची साल टाक की" म्हणणाऱ्यांनो, जरूर टाका, चहा छानच होतो, पण तो संत्र्याचा चहा, त्या सालीच्या तेलात जवळपास सगळं लिमोनीनच (संत्र्या-लिंबाच्या वासाचं द्रव्य).

बर्गमॉटचं तेल महाग का, तर किलोभर तेलाला साधारण 200 किलो फळं लागतात. आणि हे फळ (आंबट संत्रं आणि लिंबू यांचा संकर) मुख्यतः पिकतं कुठे, तर इटलीच्या बुटाच्या टोकाला, रेज्जो कालाब्रियाच्या समुद्रकाठच्या चिंचोळ्या पट्टीत. तिथली पहिली मोठी बाग 1750 ची सांगतात. पूर्वी साली हाताने स्पंजवर दाबून तेल काढायचे, 1844 मध्ये निकोला बारिल्लाचं यंत्र आलं तेव्हा कुठे कामाला वेग आला. आजही तोडणी नोव्हेंबर ते मार्च.

ज्यांच्या नावाचा हा चहा ते अर्ल ग्रे साहेब 1830 ते 1834 ब्रिटनचे पंतप्रधान होते हे खरं, पण कुणा चिनी अधिकाऱ्याने खूश होऊन त्यांना ही रेसिपी दिली वगैरे, ती निव्वळ लोणकढी. उलट 1837 मध्ये लंडनच्या एका चहा कंपनीवर आरोप झाला होता की साध्या चहाला बर्गमॉट लावून भारी माल म्हणून विकतात. म्हणजे आपण आवडीने करतोय ती तेव्हा चक्क लबाडी होती 😄

पाणी उकळी फुटल्यावर मिनिटभर थांबून ओततो, तीन मिनिटं, कोराच. पुढची बॅच दार्जिलिंग सेकंड फ्लशवर (वर्षातल्या दुसऱ्या तोडणीची पत्ती), तिथे एकच थेंब पुरेल असं वाटतंय. कुणी केलं असेल तर प्रमाण सांगा.