नवा कीबोर्ड लावला, तरी कंट्रोल जुन्याचाच

बाहेरून कीबोर्ड जोडला की लॅपटॉपचा स्वतःचा कीबोर्ड आपोआप बाजूला झाला, असं जवळजवळ प्रत्येक गिऱ्हाईक धरून चालतं. तसं होत नाही. दोन्ही एकाच वेळी जागे असतात आणि विंडोज दोघांचंही ऐकतं. मला हे माहीत होतंच. पण गेल्या पावसाळ्यात एवढ्याशा गोष्टीपायी एका टायपिस्ट बाईंचा धंदा बसलेला पाहिला, आणि ती केस अजून डोक्यातून जात नाही.

सांगलीत माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. 'नवा कीबोर्ड चालत नाही' ही तक्रार घेऊन रोज कुणीतरी येतं आणि बहुतेक वेळा कीबोर्डमध्ये काहीच बिघाड नसतो. नमलॉक बंद असतो. नाहीतर उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबली गेल्यामुळे फिल्टर की चालू झालेली असते. मग पटकन दाबलेली कळ विंडोज मोजतच नाही. ब्लूटूथ कीबोर्डवाले सांगतात की बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर, कळा चालत नाहीत. विंडोज सुरू होईपर्यंत बहुतेक लॅपटॉपमध्ये त्या चालतच नाहीत. वायरलेस कीबोर्डचा डोंगल यूएसबी थ्रीच्या पोर्टाशेजारी असेल तर अक्षरं गळतात. त्या पोर्टातून होणारा रेडिओचा गोंगाट डोंगलच्याच लहरींच्या पट्ट्यात येतो, हे इंटेलने २०१२ मध्येच लिहून ठेवलंय. ही कामं मी बोलता बोलता उरकतो, पैसेही घेत नाही.

ताई तासगावहून आल्या होत्या. कोर्टासमोर टेबल टाकून अर्ज, प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार टाइप करून देतात. एका पिशवीत लॅपटॉप आणि दुसरीत नवा वायरचा कीबोर्ड. "दादा, हा पण खराबच निघाला बघा. पहिला बदलून घेतला, आता दुकानदार हा परत घेत नाही. म्हणतो, माझ्याकडं लावला की नीट चालतोय." दुसऱ्या एका दुकानाने मदरबोर्ड गेल्याचं सांगून नऊ हजारांचा अंदाज दिला होता. लॅपटॉप उघडलासुद्धा नव्हता. आमच्या धंद्यात ज्याला दोष सापडत नाही तो मदरबोर्डवर बोट ठेवतो. मला याचा मनापासून राग आहे.

मुळात कीबोर्ड विकत का घेतला, हे विचारल्यावर खरी गोष्ट निघाली. लॅपटॉपवर चहा सांडला होता आणि डीची कळ मेली होती. एकच कळ. पण ताई इन्स्क्रिप्टवर, म्हणजे मराठी कळांच्या सरकारी मांडणीवर, टाइप करतात, आणि त्या मांडणीत डीवर हलन्त असतो, शिफ्ट धरून डी दाबलं की अ. म्हणजे जोडाक्षर गेलं आणि अ-सुद्धा गेला. कोर्टाचा एक कागद 'अर्जदार' लिहिल्याशिवाय पुरा होत नाही. तरी त्यांनी काही दिवस वाट काढली होती. विंडोजच्या मराठी इन्स्क्रिप्टमध्ये आकड्यांच्या ओळीवर शिफ्टबरोबर काही जोडाक्षरं तयार मिळतात: तीनवर खालचा रकार, चारवर वरचा रफार, पाचवर ज्ञ, सहावर त्र. त्या जोरावर 'प्रतिज्ञापत्र' हा अख्खा शब्द त्या डीला हात न लावता टाइप करत होत्या. 'न्यायालय', 'सत्य', 'वास्तव्य' मात्र तसे होत नाहीत. ते जुन्या फाइलीतून कॉपी करून चिकटवायचे. इतका वेळ घालवण्यापेक्षा पाचशेचा कीबोर्ड घेतलेला बरा, असं वाटून त्यांनी तो घेतला. निर्णय अगदी बरोबर होता.

मी कीबोर्ड लावला. सुरळीत चालला. ताईंनी बसून अर्धं पान टाइप केलं, एकदाही खाली न पाहता, एफ आणि जेवरच्या उंचवट्यांवर बोटं टेकवून. त्या गोदरेजच्या टायपिंग मशीनवर शिकलेल्या, नंतर राज्य परीक्षा परिषदेची संगणक टायपिंगची, मिनिटाला चाळीस शब्दांची परीक्षा दिलेली. असा हात हल्ली कमी दिसतो. म्हटलं, दुकानदार खरं बोलतोय. तेवढ्यात प्रिंटची खिडकी उघडली. त्यांनी ज दाबला होता. इन्स्क्रिप्टमध्ये ज पीच्या कळेवर. खिडकी बंद करून पुढे गेल्या, ओकाराची मात्रा दिली आणि सगळं पान निळं झालं. पुढचं अक्षर उमटलं आणि पान कोरं. "हे बघा, असं होतंय. कधी दहा मिनिटांनी, कधी अर्ध्या तासानं. समोर पक्षकार बसलेला असतो हो."

ओकार एच्या कळेवर असतो. कंट्रोल धरून ए म्हणजे सगळं सिलेक्ट. कंट्रोल धरून पी म्हणजे प्रिंट. मी काही न बोलता माउसचं चाक फिरवलं. पान वर सरकायच्या ऐवजी मोठं झालं. कंट्रोल दाबलेला असल्याशिवाय वर्डमध्ये असं होत नाही, आणि ताईंचे दोन्ही हात तेव्हा मांडीवर होते.

पडद्यावरचा कीबोर्ड उघडला तर त्यात डावा कंट्रोल दाबलेला दिसत होता. नवा कीबोर्ड उपसून काढला, तरी तसाच. म्हणजे दाबणारा आतला कीबोर्ड होता. विंडोजला कंट्रोल कुठल्या कीबोर्डचा आणि ए कुठल्या कीबोर्डचा याच्याशी घेणंदेणं नसतं. कंट्रोल, शिफ्ट, आल्ट यांचा हिशोब सगळ्या कीबोर्डचा मिळून एकच. एकाने कंट्रोल धरून ठेवला की दुसऱ्यावरचं प्रत्येक अक्षर हुकूम बनतं. आत सुकलेला चहा मशीन गरम झालं की कंट्रोलच्या जागी जोड करत होता, थंड झालं की सोडत होता. दुकानदाराच्या काउंटरवर दोन मिनिटांच्या तपासणीत हे कसं दिसणार?

खात्री म्हणून माझ्या पेनड्राइव्हवरच्या उबुंटूने, म्हणजे विंडोजऐवजी दुसऱ्याच ऑपरेटिंग सिस्टिमने, मशीन सुरू केलं. विंडोजचा प्रश्न की हार्डवेअरचा, हा वाद तिथे मिटतो. ईव्हीटेस्ट नावाची छोटी आज्ञा प्रत्येक कीबोर्डचा आवाज वेगळा ऐकवते. आतला कीबोर्ड तिथे 'एटी ट्रान्सलेटेड सेट टू कीबोर्ड' या जुन्या नावाने दिसतो, कारण कित्येक लॅपटॉपच्या पोटात तो अजून यूएसबीच्या आधीच्या पीएस-टू जोडणीच्याच भाषेत बोलतो. त्याच्या नावापुढे डाव्या कंट्रोलची ओळ थांबायचं नाव न घेता खाली उतरत होती. नव्या कीबोर्डच्या नावापुढे काहीच नाही. ताईंना पडदा दाखवला. त्या म्हणाल्या, "म्हणजे मी उगाच त्या पोराशी भांडले दुकानात."

आता आतल्याला गप्प कसं करायचं? विंडोजमधून तो बंद करायला गेलं तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पीएस-टू कीबोर्डला बहुधा डिसेबल हा पर्यायच नसतो. अनइन्स्टॉल केला तर रीस्टार्टनंतर परत येतो. त्याचा ड्रायव्हर सुरूच होऊ न देण्याची एक आज्ञा आहे. पण काही मशीनमध्ये टचपॅडही त्याच ड्रायव्हरवर असतो, तोही जातो. शिवाय विंडोजचा मोठा अपडेट आला की केलेलं टिकेल याचा भरवसा नाही. ज्यांचं पोट त्यावर आहे त्यांना मी असलं काम देत नाही.

साधा उपाय म्हणजे मशीन उघडायचं आणि कीबोर्डचा पट्टा, म्हणजे त्याची चपटी वायर, मदरबोर्डवरून काढून टाकायचा. पण ताईंच्या मॉडेलमध्ये पॉवरचं बटण कीबोर्डच्याच कोपऱ्यात होतं, त्याच पट्ट्यावर. पट्टा काढला की लॅपटॉप चालूच होणार नाही. आणि कीबोर्ड बदलायचा तर? पूर्वी मागचे दोन-तीन स्क्रू काढले की कीबोर्ड हातात यायचा. आता तो सी पॅनलला, म्हणजे हात टेकतो त्या वरच्या भागाला, प्लॅस्टिकचे असंख्य ठिपके वितळवून कायमचा चिकटवलेला असतो. एक कळ गेली तर अख्खं पॅनल घ्या. फ्रान्समध्ये २०२१ पासून लॅपटॉप विकताना तो दुरुस्तीला किती सोपा याचे दहापैकी गुण दाखवावे लागतात. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल काढलं, ते चांगलंच केलं. पण माझ्या टेबलावर आलेल्या पॅनलचे ठिपके त्याने सुटत नाहीत. पॉवरचं बटण त्या पट्ट्यावर घेऊन कंपनीचे फार तर काही रुपये वाचले असतील.

म्हणून तिसरा मार्ग धरला. बॅटरी सोडवली, पट्टा काढला आणि त्यावरच्या कुठल्या दोन रेघा पॉवरच्या बटणाच्या आहेत ते शोधायला बसलो. इथे मल्टिमीटर बझरवर ठेवून उपयोग नाही. मेंब्रेनवरच्या, म्हणजे कळांखालच्या प्लॅस्टिकच्या पातळ पडद्यावरच्या, छापील रेघांचा रोध इतका असतो की बटण दाबूनही बझर बऱ्याचदा वाजत नाही, आणि माणूस समजतो की ही जोडी नव्हे. ओहमवर ठेवायचा, बटण दाबायचं-सोडायचं आणि कुठल्या जोडीवर आकडा हलतो ते बघायचं. एक जोडी सापडली. ती मोकळी ठेवून बाकी सगळ्या रेघांच्या टोकांवर कॅप्टॉन टेप, म्हणजे वीज जाऊ न देणारी पातळ पट्टी, लावली. एकच थर, दोन झाले तर सॉकेटचं लॉक बसत नाही, आणि जोर केला तर लॉकच तुटतं. टेपची कडा ब्लेडने रेघेला समांतर कापावी लागते, जरा तिरकी गेली की पॉवरची रेघ झाकते. मदरबोर्डवर चहाचे दोन तपकिरी डाग होते, ते आयपीएने, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलने, धुऊन, ब्रशने घासून, वाळवून घेतले. मग पट्टा परत बसवला. बटण दाबलं, मशीन सुरू झालं. आतल्या कीबोर्डच्या सगळ्या कळा मी तळहाताने दाबून पाहिल्या. ईव्हीटेस्टवर एकही ओळ नाही. मशीन चांगलं तापेपर्यंत चालू ठेवलं, तरी नाही.

याचा एक फायदा ताईंनीच शोधला. त्यांचं टेबल लहान, कीबोर्डला पुढे जागा नाही. त्यांनी नवा कीबोर्ड सरळ लॅपटॉपच्या कळांवर ठेवला आणि टायपिंग सुरू केलं. खालच्या कळा दाबल्या गेल्या तरी आता काही बिघडत नव्हतं. दुपारी द्यायचं एक प्रतिज्ञापत्र त्यांनी माझ्याच बेंचवर बसून पुरं केलं, पेनड्राइव्हवर घेतलं आणि पावणेदोनची एसटी पकडली. त्या पोराची माफी मागायला त्याच्या दुकानात जाणार म्हणाल्या, गेल्याही.

पण काम पुरं झालं असं मला वाटत नाही. चहा अजून त्या मेंब्रेनमध्ये आहे. पॉवरच्या बटणाची रेघ त्याच मेंब्रेनमधून जाते, आणि गंज टेपला जुमानत नाही. म्हणून मी ते पॅनल शोधतोय. त्या मॉडेलची पॅनलं बॅकलाइटवाली मिळतात, फिंगरप्रिंटवाली मिळतात. ताईंच्या साध्या मशीनचं मिळत नाही, आणि दुसऱ्याचा पट्टा बसत नाही. मध्ये त्यांचा फोन आला होता. मी म्हटलं, पॅनल मिळालं की कळवतो, अर्ध्या दिवसाचं काम आहे. त्या म्हणाल्या, "राहू द्या की दादा. ह्याच्या कळा खोल जातात, मला टायपिंग मशीनवर बसल्यासारखं वाटतंय. त्या चपट्या कळांवर परत नको."

मी त्यांना दर दोन-तीन महिन्यांनी मशीन दाखवून जायला सांगितलंय, आणि सगळ्या फाइली पेनड्राइव्हवर ठेवायला. पॉवरच्या दोन रेघांवरून वेगळ्या वायरी काढून छोटं बटण बाहेर आणता येईल का, ते एका मेलेल्या बोर्डावर करून बघतोय. जमलं तर आतला कीबोर्ड पट्ट्यासकट काढून टाकेन.