पावसाळ्यात एक दाराचा फ्रीज साफ करताना

एक दाराच्या फ्रीजची बहुतेक दुखणी ओलाव्याची असतात. पावसाळ्यात दार उघडलं की दमट हवा आत शिरते आणि तिच्यातलं पाणी सगळ्यात थंड जागी, म्हणजे फ्रीझरच्या पत्र्यावर, बर्फ होऊन बसतं. थर अर्ध्या सेंटिमीटरच्या पुढे गेला की पत्र्याने गोधडी पांघरल्यासारखं होतं. कॉम्प्रेसर चालत राहतो, पण खालच्या कप्प्यात दूध नासतं. मग माणसं नॉब वाढवतात आणि बर्फ आणखी धरतो.

गणपतीच्या आधी खवलेल्या नारळाला फ्रीझरमध्ये जागा लागते, म्हणून मी हे काम तेव्हाच काढतो. बाजाराच्या आदल्या दिवशी भाजी संपत आलेली असते, तो दिवस बरा. नॉबच्या मधलं डिफ्रॉस्टचं बटण दाबलं की कॉम्प्रेसर थांबतो आणि बर्फ वितळल्यावर बटण आपोआप बाहेर येतं. नेहमीसाठी ते पुरेसं आहे. पूर्ण सफाई करायची तर मात्र प्लगच काढावा. उरलेलं दूध, दही, मासे बर्फाच्या पिशव्यांसह थर्माकोलच्या खोक्यात ठेवले की काम होईपर्यंत टिकतात.

बर्फ उतरवायला फ्रीझरमध्ये जाड फडक्याची घडी घालून त्यावर गरम पाण्याचं पातेलं ठेवतो आणि फ्रीझरचं दार लावून घेतो. पंधरा-वीस मिनिटांनी पाणी बदलायचं. कडा सुटल्या की बर्फाचे पापुद्रे हाताने निघतात. सुरी, उलथनं, स्क्रू ड्रायव्हर यातलं काहीही लावू नये. त्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याच्या आतूनच थंडावा देणाऱ्या गॅसचे मार्ग गेलेले असतात. टोच लागली तर गॅस निघून जातो, आणि हल्लीच्या बऱ्याच फ्रीजमध्ये असलेला आर-600ए हा गॅस ज्वलनशील आहे. पत्र्याला चिकटवलेली थर्मोस्टॅटची बारीक नळीही वाकवायची नाही.

काचेचे कप्पे बाहेर काढून आधी घरातल्या तापमानाला येऊ द्यावेत. गार काचेवर गरम पाणी पडलं तर ती तडकते. आतून पुसायला लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा पुरतो. उग्र वासाचं फिनेल आत नको, तो वास लोण्याला लागतो.

सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे मागच्या भिंतीवरचं निचऱ्याचं भोक. वितळलेलं पाणी तिथून नळीने कॉम्प्रेसरजवळच्या ट्रेमध्ये जातं आणि कॉम्प्रेसरच्या उबेने उडून जातं. कोथिंबिरीची पानं, मेथीचा चुरा, बुळबुळीत शेवाळ अडकलं की पाणी उलटं भाजीच्या ट्रेमध्ये साचतं. फ्रीज गळतोय असं वाटतं तेव्हा पुष्कळदा एवढंच असतं. बिनसुईच्या मोठ्या सिरिंजने कोमट सोड्याचं पाणी हळूहळू सोडायचं आणि ते मागच्या ट्रेमध्ये उतरतंय का ते बघायचं. तार घालू नये, नळीला भोक पडतं.

दाराच्या रबराच्या घड्यांत काळी बुरशी धरते. जुना टूथब्रश आणि साबणाचं पाणी, मग कोरडं फडकं. दहाची नोट दारात धरून चारही बाजूंनी ओढून पाहतो. सहज निघाली तर तिथे रबर दबलंय. गरम पाण्यात पिळलेलं फडकं तिथे थोडा वेळ धरून रबर बोटांनी सरळ केलं की बरेचदा बसतं, नाहीतर बदलायचं.

आतून कोरडा करून फ्रीज सुरू केल्यावर दोन-तीन तास रिकामाच चालवतो. रात्रभर मधल्या कप्प्यात पाण्याच्या पेल्यात थर्मामीटर ठेवला की खरं कळतं: 4 अंश किंवा खाली हवं. नॉबवरचा आकडा म्हणजे तापमान नव्हे. आकडा मोठा, तेवढी थंडी जास्त.

मांडणी करताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कच्चे मासे सगळ्यात खाली ठेवा, हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. पण एक दाराच्या फ्रीजमध्ये थंडी वरून येते आणि सगळ्यात गार जागा फ्रीझरखालच्या चिलर ट्रेची. मासे तिथेच, पण घट्ट झाकणाच्या डब्यात, म्हणजे खाली थेंब पडत नाही. दूध वरच्या कप्प्यात मागे. दाराच्या खणात तापमान सारखं वरखाली होतं, तिथे लोणची आणि सॉस. आमटी-भाताची वाफ गेल्यावरच झाकून आत ठेवायचं, पण दोन तासांपेक्षा जास्त बाहेर नाही. भात तर लवकरच. उघडं पातेलं ठेवणं म्हणजे बर्फाला पाणी पुरवणं.

पालेभाजी धुऊन ठेवायची नाही. कोथिंबिरीची मुळं कापून, जुडी कोरड्या फडक्यात गुंडाळून डब्यात. मिरच्यांचे देठ काढून. पिकलेला आंबा, पपई, सफरचंद पालेभाजीजवळ नकोत, त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने पानं पिवळी पडतात. बटाटे बाहेरच बरे, फार गारव्यात त्यांच्यातल्या स्टार्चची साखर होते आणि काचऱ्या काळपट होतात. नारळ वाटी-वाटीच्या चपट्या पिशव्यांत गोठवला की हवा तेवढाच काढता येतो.

राहता राहिला तो मागचा ट्रे. पावसाळ्यात त्यातलं पाणी पुरतं उडत नाही आणि डेंगीचे डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतात. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून ट्रे आठवड्याला रिकामा करून कडा घासून काढायच्या. अंडी कडेलाच चिकटलेली असतात. आधी प्लग काढायचा, कारण शेजारचा कॉम्प्रेसर चांगलाच तापलेला असतो. प्लग परत लावण्याआधी पाच मिनिटं थांबायचं, म्हणजे कॉम्प्रेसर दाबाखाली अडखळत सुरू होत नाही.