चाड्यावरची मूठ

आज्जी गेली गेल्या पौषात. रानात हुरडा संपत आला होता, दाणा पक्का होऊ लागला होता. काढणीला अजून महिना होता. आमचं गाव मंगळवेढा तालुक्यात. काळी भारी जमीन, पाऊस बेताचा, आणि रब्बीची ज्वारी. थंडीतल्या दवावर आणि जमिनीत मुरलेल्या ओलीवर येणारं हे पीक. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मी पुण्याहून फोन करून तिला सांगितलं. तिला ते नीट कळलं नाही, पण "मालदांडीचं नाव झालं व्हय?" म्हणाली आणि खूश झाली. मालदांडी म्हणजे आमच्याकडचा ज्वारीचा वाण.

पेरणीला चाड्यावर, म्हणजे पाभरीवर (पेरणीच्या औतावर) बी सोडायला असते त्या वाटीवर, मूठ तिची असायची. आजोबा बैल हाकायचे आणि ती पाभरीमागून चालत चाड्यात बी सोडायची, एका हाताने, न थांबता. ते काम दिसतं सोपं. मूठ जड पडली तर ओळीत झाडांची दाटी होते आणि सगळीच बारीक राहतात. हात चुकला तर हातभर जागा मोकळी राहते, आणि ती मोकळी जागा पुढे चार महिने रोज डोळ्यांसमोर. मी एकदा तिला विचारलं, तुला अंदाज कसा येतो? ती म्हणाली, "अंदाज कशाचा? इठ्ठल इठ्ठल म्हणत चालायचं. एका नावाला एवढंच बी." तर्जनीवरून अंगठा सरकवून तिने दाखवलं. त्या बोटांची हालचाल मला अजून दिसते. वारी, एकादशी, गळ्यातली माळ, संध्याकाळचा हरिपाठ हे सगळं मी लहानपणापासून बघत होते, पण तिची भक्ती मला खरी कळली ती त्या दिवशी, ढेकळांत उभं राहून.

आषाढीला ती पायी पंढरपूरला जायची. आम्हाला पंढरपूर जवळचं, वीस-पंचवीस किलोमीटर, तरी घर सोडताना ती उंबऱ्यावर डोकं टेकवायची. तिथे पोचल्यावर आधी चोखोबांची समाधी, मग नामदेव पायरी. दर्शनाची रांग फार मोठी असली तर कळसाला हात जोडून माघारी. चोखोबा मंगळवेढ्याला वेशीच्या भिंतीचं काम करताना भिंत कोसळून गेले. त्यांच्या हाडांतून विठ्ठलाचं नाव ऐकू आलं आणि नामदेवांनी त्यावरून ती ओळखली, ही कथा तिने मला किती वेळा सांगितली असेल. दर वेळी "आपल्याकडचा माणूस" म्हणून सुरुवात करायची, एखाद्या भावाबद्दल सांगावं तसं.

१९७२ च्या दुष्काळाबद्दल मात्र ती फारशी बोलायची नाही. जे कळलं ते बाबांकडून. बाबा तेव्हा नऊ वर्षांचे, पाठीवर दोन बहिणी. आज्जी-आजोबा दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. तिथे खायला सुकडी मिळायची. रेशनवर मिलो यायची, अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी. पिढ्यान्‌पिढ्या मालदांडी पिकवणाऱ्या घरात तिची भाकरी थापताना आज्जी पदराने डोळे पुसायची, हे बाबांनी पाहिलंय.

त्याच घरात आढ्याला बियाण्याचं गाठोडं टांगलेलं होतं. राख लावून, कडुनिंबाचा पाला घालून ठेवलेलं. पोरं उपाशी झोपली त्या रात्रीसुद्धा तिने त्याला हात लावला नाही. आजोबा एकदा म्हणाले, काढ, दळ. तर ती म्हणे गाठोड्याखाली जाऊन बसली आणि सकाळपर्यंत उठली नाही. पुढच्या वर्षी पाऊस झाला तेव्हा गावात कित्येकांकडे पेरायला बी नव्हतं. तिने आपल्यापुरतं ठेवलं आणि उरलेलं मापट्या-मापट्याने वाटलं. बाबा आजही हे सांगताना मध्येच थांबतात. त्यांना भूकही आठवते आणि ती वाटणीही.

आजोबा गेल्यावर सातबाऱ्यावर तिचं नाव वारस म्हणून लागलं. त्याआधी चाळीसेक वर्षं त्याच मातीत ती राबली होती, कागदावर कुठेही नसताना. हे मला आजही खुपतं. तिला खुपत होतं का, हे मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

बियाण्याची निवड ती उभ्या पिकातच करायची. दाणा भरू लागला की रानातून फिरत चांगली कणसं हेरायची: गच्च भरलेलं, मोत्यासारखा दाणा, धाट मजबूत. त्यावर जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची. काढणीला आधी ती झाडं बाजूला उपटायची आणि मग बाकीचं रान.

गेल्या माघात आम्ही काढणीला रानात उतरलो. ज्वारी मुळासकट उपटावी लागते, दोन तासांत माझ्या तळहातांना फोड आले. तेवढ्यात आईने हाक मारली. विहिरीकडच्या पट्ट्यात कणसांना चिंध्या बांधलेल्या होत्या. हिरव्या इरकलीच्या, तिच्या नेहमीच्या नेसणीतल्या. शेवटच्या आठवड्यात तिला अंगणापर्यंतही धड चालता येत नव्हतं, म्हणजे त्याच्या आधीच कधीतरी ती एवढ्या लांब येऊन गेली होती. कुणाला बोलली नव्हती. आम्ही मोजली, त्रेचाळीस कणसं. बाबा बांधावर बसून राहिले.

ते बी आम्ही वेगळं ठेवलंय, राख लावून.

यंदा घटस्थापनेला मी सुट्टी काढून गावी गेले. आज्जी घटासाठी रानातलीच काळी माती आणायची आणि त्यात इतर धान्यांबरोबर बियाण्याची ज्वारी एका बाजूला पेरायची. किती दाणे टाकले ते लक्षात ठेवायची आणि पाचव्या माळेला किती उगवले ते मोजायची. देवीपुढे बसून बियाण्याची उगवण तपासणारी ती बाई होती आणि त्यात तिला काही वेगळं वाटत नसे. आईने चिंध्यांच्या कणसांतले पन्नास दाणे मोजून पेरले. पाचव्या माळेला आम्ही दोघी समईच्या उजेडात वाकून बसलो. आई कोंब मोजत होती, मी तिच्यामागून पुन्हा मोजत होते.

सत्तेचाळीस.

विहिरीकडचा पट्टा यंदा ट्रॅक्टरने पेरायचा नाही असं बाबांनी ठरवलं. शेजारच्यांची बैलजोडी आणि पाभर सांगून ठेवली आहे. वाफसा आला, जमीन पेरणीजोगी झाली की फोन करतो म्हणालेत. चाड्यावर मला उभं राहायचंय.