इल ओ एग्रेत: कासवांनी पेरलेलं आबनूस

मॉरिशसच्या किनाऱ्यावर, पॉइंत जेरोमच्या धक्क्यावर बोटीत पाय टाकण्याआधी बुटांचे तळवे ब्रशने घासून घ्यावे लागले. खाचेत अडकलेली गवताची एक काडी आमच्या गाइड मुलीने चिमटीत धरून दाखवली आणि बाजूच्या डब्यात टाकली. "हिच्यात बी असेल तर ते बेटावर उतरायला नको," म्हणाली. समोर पाऊण-एक किलोमीटरवर इल ओ एग्रेत, म्हणजे बगळ्यांचं बेट, पाण्यात चपटं पडून होतं. क्षेत्रफळ २६ हेक्टर. आमच्या नवेगावबांधच्या तलावात अशी कितीतरी बेटं मावतील.

मॉरिशसला आलो होतो पुतणीच्या लग्नासाठी. लग्न पार पडलं, पाहुणे पांगले आणि माझ्या हाती चार मोकळे दिवस उरले. वाकोआला ज्या घरी उतरलो होतो ते मराठी घर. पूर्वज कोकणातून उसाच्या मळ्यांवर मजूर म्हणून आलेले. नातवंडं आपसात क्रिओल बोलतात, पण घरातल्या आजी "जेवलास काय रे?" असं विचारायच्या तेव्हा क्षणभर रत्नागिरीत असल्यासारखं वाटायचं. कासवं बघायला एवढ्या लांब कशाला, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आजी, कासवं नाही, झाड बघायला चाललोय.

त्या झाडाचं नाव डायोस्पायरॉस एग्रेटारम. बेटाचंच नाव त्याला मिळालंय. स्थानिक भाषेत बुआ देबेन, आपल्याकडे आबनूस म्हणू. हे झाड माझ्या ओळखीचं निघालं, कारण ते आपल्या टेंभुर्णीचं सख्खं भावंड आहे, दोघांच्याही शास्त्रीय नावाचा पहिला शब्द डायोस्पायरॉसच. आमच्या भागात उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचा हंगाम लागला की अख्खं गाव पहाटे जंगलात असतं. त्याच दिवसांत टेंभरं पिकतात. लहानपणी बाबांनी पायवाटेवर अस्वलाची विष्ठा काठीने उलगडून दाखवली होती. आत टेंभराच्या बियाच बिया. "अस्वल खातं, चार कोस चालतं आणि पेरतं," बाबा म्हणाले होते. ते वाक्य मी पन्नास वर्षं जपून ठेवलंय. अस्वलच नाहीसं झालं तर टेंभुर्णीचं काय होईल, हा प्रश्न त्यातूनच पुढे मनात आला. मॉरिशसमध्ये हा प्रश्न खरोखर उभा राहिलेला आहे.

आदल्या दिवशी मी ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानात जाऊन आलो होतो, तांबालाकोक नावाचं झाड बघायला. याची कथा शाळेच्या पुस्तकांपर्यंत पोचलेली आहे. १९७७ साली स्टॅनली टेंपल या अमेरिकन शास्त्रज्ञाने लिहिलं की या झाडाचं बी डोडो पक्ष्याच्या पोटातून गेल्याशिवाय रुजतच नाही. डोडो सतराव्या शतकात संपला, म्हणून तीनशे वर्षांत एकही नवं रोप नाही, आणि उरली फक्त तेरा म्हातारी झाडं. त्याने टर्की पक्ष्यांना १७ बिया भरवल्या. त्यातल्या १० साबूत बाहेर आल्या आणि ३ रुजल्या. पण न भरवलेल्या बिया सोबत पेरून तुलना केली नव्हती, आणि इतकी सुंदर गोष्ट तिथेच कच्ची राहिली. त्याआधीच, १९४१ मध्ये, लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाच्या आर्थर हिल यांनी दाखवून दिलं होतं की हे बी कुणाच्या पोटात न जाताही रुजतं. नंतर जंगलात नीट मोजदाद झाली तेव्हा झाडं तेरा नव्हे, काही शे भरली.

वाटेत आमच्यासोबतच्या वाटाड्याने पानांखालून एका जुन्या बीचं अर्धं कवच काढून माझ्या तळहातावर ठेवलं. बाहेरून ते खडबडीत आणि दगडासारखं टणक. पण कड बघाल तर सुरीने कापल्यासारखी सरळ! या कवचाला कमरेभोवती एक बारीक रेघ असते. आतला अंकुर फुगतो आणि त्या रेघेवर कवच डब्याच्या झाकणासारखं उघडतं. ते कवच हातात घेतल्यावर डोडोची गोष्ट माझ्या मनातून कायमची गेली.

मग रोपं का दिसत नाहीत? उत्तर आमच्या दोन्ही बाजूंना उभं होतं. चिनी पेरूची अशी दाट झाडी की हात आत जाईना. माणसांनी आणलेली माकडं कच्ची फळंच तोडून फेकतात, रानडुकरं जमीन उकरतात, हरणं कोवळी रोपं कुरतडतात, आणि त्यातून जे उगवेल ते पेरूच्या सावलीत गुदमरतं. याच उद्यानात ब्रिझ फेरला जंगलाचा एक तुकडा कुंपण घालून, पेरू उपटून राखलाय. कुंपणाच्या आतबाहेरचा फरक सांगायला कुणी लागत नाही. आत जमिनीवर देशी झाडांची पोरं दिसतात.

हे सगळं डोक्यात घेऊनच मी बेटावर उतरलो. पायाखाली प्रवाळाचा खडक, वर बुटकं, वाकडंतिकडं रान. आबनूस म्हटल्यावर मोठा वृक्ष डोळ्यासमोर येतो. इथली झाडं मध्यम उंचीची, काळसर सालीची, आणि फळं फांदीच्या टोकाला नव्हे तर थेट खोडाला लगडलेली. फणसाच्या देशातून गेलेल्या माणसाला याचं नवल वाटू नये, पण टेंभराच्या भावंडाला असं लगडलेलं बघून मला वाटलं. एकेक फळ सोळा ग्रॅमपर्यंत भरतं. देठाशी तीच टेंभराची पाकळ्यांची टोपी.

आता गंमत अशी, म्हणजे वाईट गोष्ट अशी, की एवढं मोठं फळ गिळू शकणारं बेटावर कुणी उरलेलं नव्हतं. मॉरिशसमध्ये महाकाय कासवांच्या स्वतःच्या दोन जाती होत्या. खलाशांनी त्या जहाजांवर भरभरून नेल्या, डुकरं-उंदरांनी अंडी खाल्ली, आणि मॉरिशसच्या मुख्य बेटावर अठरावं शतक संपेपर्यंत दोन्ही जाती संपल्या. त्यानंतर आबनुसाचं फळ पिकायचं, पडायचं आणि आईच्याच पायाशी कुजायचं. दुसरीकडे बेटावरची झाडं जळणासाठी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत तोडली जात होती. तोड थांबली, १९६५ पासून राखीव असलेल्या या बेटाची देखरेख मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशनने हाती घेतली, उंदीर हटवले, तरी तोडलेल्या पट्ट्यांत आबनूस परत येईना. झाडं शंभर पावलांवर जिवंत होती, फळत होती. त्यांचं बी तिथवर नेणारं कुणी नव्हतं.

इथे जे केलं गेलं त्याबद्दल मी जाण्याआधी साशंक होतो, हे मोकळेपणाने सांगतो. २००० साली या बेटावर सेशेल्समधल्या अल्दाब्राची महाकाय कासवं आणून सोडली. बाहेरून आणलेल्या प्राण्यांनीच ज्या देशाचं वाटोळं केलं, तिथे आणखी एक बाहेरचा प्राणी? गाइडला मी हेच विचारलं. तिने शांतपणे तीन गोष्टी सांगितल्या. कासव पळून जात नाही, गुडघाभर भिंत त्याला पुरते. चूक झालीच तर उचलून परत नेता येतं. आणि ही कासवं मॉरिशसला नवी नाहीत: १८७४ मध्ये डार्विन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मॉरिशसच्या गव्हर्नरला पत्र लिहून अल्दाब्राची कासवं वाचवा, काही इथे आणून वाढवा, अशी विनंती केली होती. माकडाच्या बाबतीत यातलं एकही म्हणता आलं नसतं. मला ते पटलं.

आम्ही बोलत होतो तिथून जरा पुढे वाटेच्या मधोमध एक कासव पसरलेलं होतं. चूल मांडावी एवढी पाठ, मान लांब करून सुबाभळीचं कोवळं रोप ओरबाडत होतं. होय, तीच सुबाभूळ, जी आपल्याकडे बांधावर लावा म्हणून सांगत. इथे ती तण म्हणून माजली आहे. कासवं ती आवडीने खातात आणि बऱ्याच देशी झाडांच्या कोवळ्या पानांना सोडून देतात. त्या झाडांची लहानपणीची पानं मोठेपणीच्या पानांहून वेगळ्याच आकाराची आणि रंगाची असतात. हजारो वर्षं कासवांच्या तोंडासमोर वाढताना ती तशी घडली असावीत.

मग तिने वाट सोडून दोन पावलं आत बोलावलं. कासवाची विष्ठा पडली होती, वाळत आलेली, गवताच्या धाग्यांची घट्ट वळलेली. बाबांची काठी आठवली. तिने काडीने एक बाजू उकलली. आत चिकूच्या बियांसारख्या लांबट, चपट्या, तपकिरी बिया. गर नावालाही नाही, धुऊन ठेवल्यासारख्या स्वच्छ. एक, दोन, पाच. सहावीचं टोक फाटून त्यातून पांढरं मूळ बाहेर आलेलं, भाताच्या मोडाएवढं. मी गुडघे टेकून बघत राहिलो. डोळे भरून आले, ते लपवलं नाही.

हा नुसता भावनेचा मामला नाही. २०११ मध्ये क्रिस्टीन ग्रिफिथ्स आणि सहकाऱ्यांनी याचा अभ्यास प्रसिद्ध केला. तांबालाकोकच्या वेळी राहून गेलेली तुलना इथे झाली होती. कासवाच्या पोटातून आलेल्या बिया जास्त चांगल्या रुजल्या. आणि ज्या तोडलेल्या पट्ट्यांत आबनूस उरलं नव्हतं तिथे त्याच्या रोपांचे दाट पुंजके उभे राहिले.

असा एक पुंजका तिने दाखवला. रोपं करंगळीएवढ्या जाडीची, कमरेपर्यंतही न पोचलेली. मधे जुन्या तोडीचा एक बुंधा, कुऱ्हाडीची खूण अजून ओळखू येणारी. "हे फळायला किती वर्षं?" मी विचारलं. "आबनूस फार सावकाश वाढतं," ती म्हणाली. "मी म्हातारी होईन तेव्हा येऊन बघीन."

मी सवयीने विष्ठेतली एक सुटलेली बी उचलून मातीत दाबायला गेलो. तिने हलकेच अडवलं. राहू द्या, म्हणाली, जिथे पडलंय तिथेच. रोपवाटिकेत त्यांनी पुष्कळ रोपं वाढवली, लावली, अजूनही लावतात. पण या जागी माणसाचा हात लागू द्यायचा नाही.

बोटीचा भोंगा वाजला. आम्ही परत फिरलो तेव्हा वाटेवरचं कासव उठलं होतं. चार पाय खांबासारखे रोवून त्याने अंग उचललं, सुस्कारल्यासारखा आवाज केला आणि आबनुसाच्या सावलीतून बाहेर पडून त्या बुंध्यांच्या दिशेने चालू लागलं.