मसाल्याच्या वासासाठी चांदीचा टॉवर

ज्यू लोकांची पूजेअर्चेची चांदीची भांडी म्हटलं की सगळे आधी तोराहच्या, म्हणजे त्यांच्या चर्मपत्रावर लिहिलेल्या, दांड्यांना गुंडाळून ठेवलेल्या धर्मग्रंथाच्या मुकुटाकडे धावतात, साहजिक आहे, मोठा असतो आणि झगमगतो. माझा जीव मात्र मसाल्याच्या टॉवरवर जडलाय.

शनिवारी रात्री शब्बात, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा पवित्र दिवस, संपला की हवदाला नावाचा छोटासा विधी करतात, वाइन, अनेक वातींची गुंफलेली मेणबत्ती आणि लवंग-दालचिनीसारखे मसाले, ते सगळ्यांनी आळीपाळीने हुंगायचे. आता नुसता वास घ्यायला साधी डबीही चालली असती की! पण जर्मनी, पोलंडकडच्या कारागिरांनी त्याचा चक्क टॉवर केला. चांदीच्या तारेची जाळी, इवल्याशा खिडक्या, मसाला भरायला उघडणारं दार, वर टोकाला झेंडा, काहींना घंट्यासुद्धा. आणि जाळी नुसती शोभेला नाही हं, वास तिच्यातूनच तर बाहेर येतो.

खरी गंमत पुढे आहे. फ्रँकफर्टसारख्या शहरात ज्यूंना सोनारांच्या गिल्डमध्ये, म्हणजे कारागिरांच्या संघात, घेतच नसत, त्यामुळे ऑर्डर ज्यू घरातली आणि घडवणारा ख्रिश्चन. त्याचा हात बसलेला चर्चच्या भांड्यांवर, मग इथेही तसेच कळस नि कमानी येणारच ना. न्यूयॉर्कच्या ज्यूइश म्युझियममध्ये फ्रँकफर्टचा साधारण १५५० चा असा एक टॉवर आहे, त्याची १६५१ मध्ये दुरुस्ती करून वर भर घातलीये, म्हणजे शंभर वर्षांनीसुद्धा तो कुणालातरी हवा होता, वितळवून टाकावासा वाटला नाही. मला तर ही दुरुस्तीच जास्त आवडते.

उलटा प्रवासही झालाय. तोराहच्या दांड्यांच्या टोकांवर शोभेला बसवतात त्या रिमोनिमची एक जुनी जोडी, १५ व्या शतकातली, टॉवरच्याच आकाराची, इटलीच्या सिसिली बेटावरच्या कम्माराता गावच्या सिनेगॉगमधली (ज्यूंच्या प्रार्थनास्थळातली), आज कुठे असावी? स्पेनच्या मायोर्का बेटावर, पाल्मा शहरातल्या कॅथेड्रलच्या, म्हणजे मोठ्या चर्चच्या खजिन्यात! हिब्रू अक्षरं अजून तशीच.

आणखी एक वस्तू, ‘यद’, तिच्याबद्दल थोडक्यात सांगते, तोराहच्या चर्मपत्राला बोट लावायचं नाही म्हणून वाचताना ओळीवर फिरवायची ही चांदीची काडी, टोकाला तर्जनी पुढे केलेला एवढासा हात, कधी त्या बोटात अंगठीपण.

म्युझियमवाल्यांवर एकच राग आहे, हे टॉवर कायम काचेत बंद. अरे, दार उघडून दाखवणारा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ तरी टाका, मसाला आत जातो कसा ते बघायचंय आम्हाला.