चित्रांच्या माहेरी: कारुइझावा, मात्सुमोतो आणि आओमोरी

जपानच्या आजच्या चित्रकारांची कामे पाहायची तर टोकियो पुरेसे आहे, अशी माझी समजूत होती. गेल्या ऑक्टोबरअखेरच्या नऊ दिवसांच्या प्रवासात ती मोडली. चित्रे टोकियोत दिसतात. ती आली कोठून, हे मात्र नागानो आणि आओमोरी या प्रांतांत गेल्यावाचून नीट उमगत नाही. सोबत धाकटी बहीण होती. ती शाळेत चित्रकला शिकवते, त्यामुळे रंगांविषयीचे प्रश्न तिचे आणि गाड्यांच्या वेळापत्रकाची काळजी माझी, अशी वाटणी आपोआप झाली.

सुरुवात फजितीनेच झाली. टोकियोच्या शिंजुकु भागात २०१७ पासून सुरू असलेल्या, ठिपक्यांच्या चित्रकार यायोई कुसामा यांच्या संग्रहालयात दारावर तिकीट मिळत नाही. दिवस आणि वेळ निवडून ते आगाऊ ऑनलाइन घ्यावे लागते, आणि संग्रहालय गुरुवार ते रविवार व राष्ट्रीय सुट्ट्यांनाच उघडे असते. हे न वाचता आम्ही गेलो आणि पांढरी इमारत बाहेरून पाहून परतलो. चूक सर्वस्वी आमची.

रिकाम्या झालेल्या त्या दुपारी तेन्नोझु भागातील ‘पिगमेंट टोकियो’ या रंगसाहित्याच्या दुकानात गेलो आणि नुकसान भरून निघाले. भिंतभर फळ्यांवर सुमारे ४,५०० रंगचूर्णांच्या बाटल्या ओळीने मांडलेल्या आहेत. बहीण निळ्यांपाशी थबकली. एकाच खनिजाची पूड, पण दाणा जाड असेल तर रंग गडद निळा, आणि तो जसजसा बारीक होत जाईल तसतसा फिका, अगदी शेवटी नीळ दिलेल्या सदऱ्याइतका. ही पूड सरसात बोटाने कालवून कागदावर किंवा रेशमावर लावायची, ही ‘निहोंगा’ म्हणजे पारंपरिक जपानी चित्रपद्धतीची रीत. दगडाचे रंग आणि सरस म्हटल्यावर मराठी माणसाला अजिंठा आठवणारच, आणि तो धागा काल्पनिक नाही: रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून १९१६ मध्ये भारतात आलेले निहोंगा चित्रकार आराई काम्पो यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या होत्या. हसऱ्या फुलांमुळे जगभर पोहोचलेले ताकाशी मुराकामी यांची डॉक्टरेटही निहोंगातलीच, १९९३ ची. त्यांच्या चित्रांतला सपाटपणा केवळ कार्टूनमधून आलेला नसून अठराव्या शतकातील इतो जाकुचू, सोगा शोहाकू अशा चित्रकारांकडूनही आलेला आहे, हे ध्यानात ठेवून पाहिले की ती फुले तितकीशी पोरकट वाटत नाहीत.

टोकियोहून होकुरिकु मार्गावरील शिंकान्सेन या अतिवेगवान गाडीने तासाभरात कारुइझावा येते. तेथील, चित्रकार हिरोशी सेंजू यांच्या कामांचे संग्रहालय २०११ मध्ये उघडले. वास्तुरचना र्‍युए निशिझावा यांची. जमीन सपाट न करता तिचा मूळ उतार तसाच ठेवला असल्याने चित्रे पाहताना आपण नकळत टेकडी उतरत असतो, आणि मधूनमधून काचेच्या गोलाकार चौकांत झाडे वाढलेली दिसतात. सेंजूंचा विषय धबधबा. ते पाणी रेखाटत नाहीत; कागदाच्या वरच्या कडेवरून पातळ रंग ओततात आणि तो आपल्या वजनाने खाली उतरतो. जवळ जाऊन पाहिले तर प्रत्येक ओघळ वेगळा दिसतो, काही अर्ध्यावरच सुकलेले, काही एकमेकांत मिसळलेले, आणि तळाशी तुषारांचे धुके. चारेक पावले मागे सरकताच ओघळ नाहीसे होऊन पाणी कोसळू लागते. बहिणीने टिपण करण्यासाठी बॉलपेन काढले, तर कर्मचारी बाई लगबगीने आल्या आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे पेन्सिल धरली. जपानी संग्रहालयांत चित्रांजवळ पेन चालत नाही. खिशात पेन्सिल ठेवावी. हे संग्रहालय मंगळवारी बंद असते, इतर बहुतेक सोमवारी. शिवाय डिसेंबरअखेरपासून फेब्रुवारी संपेपर्यंत ते बंदच राहते. गावाजवळचा शिराइतो धबधबाही पाहावा: उंची जेमतेम ३ मीटर, पण रुंदी सुमारे ७० मीटर, आणि पाणी पांढऱ्या दोऱ्यांसारखे सुटे सुटे पडणारे. सेंजूंनी हाच धबधबा रंगवला असे मी म्हणत नाही, परंतु तो पाहून आल्यावर त्यांची चित्रे पुन्हा पाहावीशी वाटली.

कारुइझावाहून नागानोपर्यंत शिंकान्सेन आणि पुढे ‘शिनानो’ एक्स्प्रेस असा बदल करून आम्ही मात्सुमोतोला पोहोचलो. १९२९ मध्ये यायोई कुसामांचा जन्म या गावात, रोपवाटिका आणि बियाण्यांचा धंदा असलेल्या सधन घरात झाला. लहानपणापासून त्यांना भास होत: फुले बोलू लागत, टेबलावरील कापडाची नक्षी छतावर, भिंतींवर आणि स्वतःच्या अंगावर पसरत जाई. ते भय आवरण्यासाठी त्या दिसेल ते कागदावर उतरवीत राहिल्या आणि ठिपके तेथून सुरू झाले. भोपळाही घरचाच, आजोबांबरोबर बियाण्यांच्या शेतात गेल्या असता तो प्रथम दिसला, असे त्यांनी सांगितले आहे. हे सर्व वाचलेले होते. पण स्थानकापासून पायी पंधरा मिनिटांत मात्सुमोतो शहर कलासंग्रहालयाशी आलो, अंगणात माणसापेक्षा कितीतरी उंच, लाल-पिवळी, ठिपक्यांची रानटी फुले तोंड वासून उभी होती आणि मागे जपानी आल्प्सचे डोंगर होते, तेव्हा प्रथमच त्या फुलांची भीती वाटली. परदेशातील प्रदर्शनांत लोक याच फुलांपुढे हसत सेल्फी काढतात. कुसामा १९५७ मध्ये अमेरिकेला गेल्या, १९७३ मध्ये परतल्या आणि १९७७ पासून स्वेच्छेने टोकियोतील मनोरुग्णालयात राहतात, हे त्या हसणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल?

संग्रहालयाच्या दारातील शीतपेयांचे यंत्रसुद्धा ठिपक्यांचे आहे. कुसामांच्या आरशांच्या खोलीत फार थोडा वेळ मिळतो. तो वेळ कॅमेरा खाली ठेवून वापरावा.

येथे जेवणाविषयी सांगणे भाग आहे. शाकाहाऱ्याने सोबा म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवया निवडल्या तरी सोबतच्या रश्श्यात बहुधा वाळवलेल्या माशांचा अर्क असतो. नागानो प्रांतात ‘ओयाकी’ नावाची सारण भरलेली जाडसर भाकरी मिळते. भोपळ्याची किंवा भाजीच्या पाल्याची घ्यावी, मात्र सारणात काय आहे ते विचारूनच. आम्ही दोन दिवस त्यांवर काढले.

आओमोरी मात्र लांब आहे: टोकियोहून ‘हायाबुसा’ या शिंकान्सेनने तीन तासांहून अधिक, आणि या गाडीत सर्व आसने आरक्षित असतात. परदेशी पर्यटकांसाठीच्या जपान रेल पासची सात दिवसांची किंमत ऑक्टोबर २०२३ मध्ये ५०,००० येन झाली, त्यामुळे तो डोळे झाकून घेऊ नये. सुट्या तिकिटांची बेरीज आधी करावी आणि प्रादेशिक पासही पाहावेत.

चित्रकार योशितोमो नारा यांचा जन्म १९५९ मध्ये याच प्रांतातील हिरोसाकीत झाला. आईवडील दोघे कामावर, मुलगा घरी एकटा, बाहेर बर्फ, आणि रेडिओवर मिसावा येथील अमेरिकन लष्करी तळासाठी प्रसारित होणारे रॉक संगीत. गाण्यांचे शब्द कळत नसत, म्हणून तो रेकॉर्डची वेष्टणे न्याहाळत बसे. रागाने डोळे वटारणारी त्यांची लहान मुलगी या एकटेपणातून आली आहे. हिरोसाकीत सफरचंदाची सायडर बनवणाऱ्या जुन्या विटांच्या गोदामात २००२, २००५ आणि २००६ मध्ये नारांची प्रदर्शने गावकऱ्यांनी स्वयंसेवक होऊन उभी केली. २०२० मध्ये त्याच वास्तूत समकालीन कलेचे संग्रहालय झाले, आणि त्या गावकऱ्यांचे आभार मानण्यासाठी नारांनी केलेले पांढऱ्या कुत्र्याचे शिल्प तेथे स्वागताला आहे.

नारांचा मोठा कुत्रा आओमोरी कलासंग्रहालयात आहे, ८.५ मीटर उंच. शिन-आओमोरी स्थानकावरून बस मिळते. ती फार वेळा नसते, म्हणून परतीची वेळ उतरतानाच टिपून घ्यावी. शेजारीच सान्नाइ-मारुयामा हे जोमोन म्हणजे जपानच्या प्रागैतिहासिक काळातील वसाहतीचे उत्खनन आहे. संग्रहालयाची रचनाही त्या उत्खननातील चरांवर बेतलेली असून कुत्र्याचा खालचा भाग जमिनीखाली गेलेला आहे, जणू तोही खणताना सापडला. आधी उत्खनन पाहावे, मग कुत्रा. हिवाळ्यात त्याच्या डोक्यावर बर्फाची टोपी चढते, पण बर्फामुळे जवळ जाण्याची वाट बंद असू शकते.

आम्ही गेलो तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता. त्याच्यापुढील भांड्याजवळ छत्री मिटून उभी असलेली एक मुलगी मान वर करून त्याच्याकडे पाहत होती, आणि तो नेहमीप्रमाणे खाली.