हळदीच्या पाकिटावरचा ल

सांगलीत मार्केट यार्डाच्या आसपास डीटीपीचं दुकान चालवायचं म्हणजे हळदीची पाकिटं, बेदाण्याचे बॉक्स, अडत्यांची पावती-पुस्तकं आणि सीझनला लग्नपत्रिका. इतकी वर्षं हे सगळं श्रीलिपीत, म्हणजे मराठी टायपिंगच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, निघायचं. पण आता गिऱ्हाईक मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवतं, तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोन-कॉम्प्युटरना कळणाऱ्या सामायिक संकेतांत असतो आणि श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टला तो चालत नाही. म्हणून शेवटी दरमहा पैसे भरायचं एक नावाजलेलं पेज लेआउटचं सॉफ्टवेअर घेतलं.

पहिलं काम हरिपूरच्या काकांचं. हरिपूर म्हणजे हळदीच्या पेवांचं, हळद साठवायच्या जमिनीखालच्या कोठारांचं गाव, काकांच्या घराण्याचीही पेवं होती. पाव किलोच्या पाकिटावर मधोमध ओळ हवी होती, ‘शेतकऱ्यांच्या शिवारातली अस्सल हळद’. मजकूर पेस्ट केला आणि ‘शिवार’चं ‘शविार’ झालं. वेलांटी पुढच्या अक्षरावर जाऊन बसली, जोडाक्षरं सुटून सगळीकडे पाय मोडलेले.

मदतीच्या पानांवर ‘मराठी’ शोधलं, काही नाही. ‘देवनागरी’ टाकलं तर फॉन्ट कसा इन्स्टॉल करायचा ते आलं. फॉन्ट होताच की! उत्तर सापडलं ते अरबी आणि हिब्रू मजकुराच्या प्रकरणात. आता हळदीचं पाकीट करणारी बाई तिथे कशाला डोकावेल? भानगड अशी की सॉफ्टवेअरमध्ये अक्षरं जुळवणारी इंजिनं दोन. नेहमी चालू असतं ते रोमनसाठी, एकापुढे एक अक्षर ठेवत जाणारं. देवनागरीत ‘शि’ लिहिताना टाईप आधी श होतो, पण दिसायला वेलांटी आधी यावी लागते, हे त्याला कळत नाही. ज्याला कळतं ते दुसरं इंजिन परिच्छेदाच्या पॅनलच्या कोपऱ्यातल्या बारक्या मेनूत झोपलेलं. ते निवडलं की ओळ सरळ. आणि एकही फाईल उघडी नसताना निवडलं तरच पुढच्या नव्या फायलींना ते आपोआप लागतं. ही अट भलत्याच पानावर, तळाला.

जुन्या फायलींचा मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढला तर ‘शेतकऱ्यां’चं ‘शेतकर्यां’ झालं, रफार थेट ‘यां’च्या डोक्यावर. ते हाताने दुरुस्त केलं. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डवर शिफ्ट धरून जे, मग डी, मग स्लॅश, की ‘ऱ्य’ उमटतो. काही जण तोच साध्या र ला हलन्त आणि न दिसणारा जोडक लावून काढतात. दिसायला दोन्ही सारखे, पण शोधायला गेलं की एकाला दुसरा सापडत नाही.

प्रिंट काढून काकांना दाखवली. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी कागद अगदी नाकाशी धरला. “ताई, ह्यो ल कसला काढलाय वो? पुडा यूपीला पाठवायचाय व्हय?”

बरोबर होतं त्यांचं. ल दंडाचा, हिंदीतला. ‘शेतकऱ्यां’मधला श सुद्धा शेंडीफोड, तोही हिंदी वळणाचा. शासनाच्या 2009 च्या निर्णयातही मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श सांगितलाय. काकांना तो निर्णय ठाऊक असायचं कारण नाही, त्यांना पाटीवर गिरवलेला ल ठाऊक.

मी फॉन्ट बदलत बसले. एकात ल बरा तर जाडी नाही, दुसऱ्यात जाडी आहे तर रुपयाचं चिन्ह बेंगरूळ. आणि गंमत म्हणजे पहिल्याच फॉन्टमध्ये मराठी ल आणि श दोन्ही होते! चांगल्या युनिकोड फॉन्टमध्ये बरेचदा असतात. फक्त हा मजकूर मराठी आहे असं सॉफ्टवेअरला सांगावं लागतं, तेव्हा फॉन्ट आपणहून अक्षर बदलतो. माझ्याकडे सगळ्या ओळींची भाषा ‘इंग्लिश’ लागलेली. अक्षरांच्या पॅनलमध्ये भाषेचा रकाना आहे, तो ‘मराठी’ केला आणि डोळ्यांदेखत ल ला पाकळ्या फुटल्या.

मॅन्युअलमध्ये या रकान्याबद्दल काय लिहिलंय? स्पेलिंग तपासायला आणि ओळीअखेर शब्द तोडायला. बस्स. अक्षराचं रूप याच्यावर ठरतं याचा उल्लेखच नाही. राग येतो तो इथे. सोय केलेली आहे, कुणीतरी मेहनत घेऊन केलेली आहे, पण लिहिणाऱ्याने वाचणारा इंग्रजीतच काम करणार असं धरून चाललंय. तुम्हाला बटणाचं नाव आधीच माहीत असेल तर मदत उत्तम मिळते.

काकांनी नवी प्रिंट बघितली, ल वर बोट ठेवलं, “हां, आता आपला,” म्हणाले आणि लगेच पिवळ्याकडे वळले, जरा भडक हवा म्हणून. प्रेसला देताना सगळी अक्षरं कर्व्हमध्ये करून, म्हणजे त्यांचे नुसते आकार करून दिली, म्हणजे तिकडे कुठलं इंजिन चालू आहे ते बघायला नको. मात्र त्याआधीची, टाईप करता येणारी फाईल वेगळी ठेवली, पुढच्या लॉटला भाव बदलतोच.

दुसरं इंजिन आणि मराठी भाषा लावलेली एक कोरी फाईल आता डेस्कटॉपवरच असते. बेदाण्याचे बॉक्स त्यातच केले, विनातक्रार. त्याच कंपनीच्या फोटोच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये मात्र दुसऱ्या इंजिनाचा पर्याय प्रेफरन्सेसमध्ये होता आणि त्याची मदतीची पानंही वेगळी.